घेवड्याची परीक्षा

तुर्कस्तानातल्या सेल्चुक विद्यापीठातील संशोधकांनी 2020 साली सुक्या घेवड्याच्या 7 वाणांचे 13,611 दाणे कॅमेऱ्यापुढे ठेवले. लांबी, रुंदी, परीघ, गोलाई अशी 16 मापे संगणकाने छायाचित्रांतून काढली आणि त्यांवरून वाण ओळखले. शंभरातले सुमारे 93 दाणे बरोबर निघाले. त्यांतला ‘बॉम्बे’ नावाचा टपोरा वाण एकदाही चुकला नाही (नाव वाचून आम्हीही सुखावलो!), ‘सिरा’ मात्र शंभरात तेराएक वेळा भलत्याच वाणात गेला. डोळ्यांना सारखे दिसणारे दाणे यंत्रालाही चकवतात.

बियाण्यातली भेसळ पकडायला हे तंत्र नक्कीच कामाचे आहे. पण आपल्याकडची फसवणूक दाण्याच्या आकारात क्वचितच असते. परवानगी नसलेले तणनाशक-सहनशील कापूस बियाणे चोरून विकले जाते; त्याची सरकी इतर सरकीसारखीच दिसते, ते कळायला जनुकाची किंवा त्याने बनवलेल्या प्रथिनाची चाचणी हवी. उगवण किती होईल, हेही फोटोत दिसत नाही. त्यामुळे मोबाइलवर फोटो काढा नि निर्धास्त व्हा, असे सांगणाऱ्या विक्रेत्याला आधी एवढेच विचारावे: यंत्राला शिकवताना आमच्या भागातले वाण दाखवले होते का?