‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर नव्हे

म्हसवडला परवा एका खिडकीवर वाडीवरनं आलेल्या बाईंना तिसऱ्यांदा सांगितलं गेलं, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ मजुरी बुडाली, एसटीचं भाडं गेलं. खिडकीतल्या पोरावर मी चिडत नाही. त्याच्या हातात काहीच नसतं.

पण सर्व्हर मुका नसतो. येणाऱ्या प्रत्येक मागणीची ओळ तो लॉगमध्ये लिहितो: कुठून आली, किती वाजता, काय मागितलं, काय उत्तर गेलं. ४०४ म्हणजे पानच सापडलं नाही. ५०० म्हणजे आत काहीतरी बिघडलं, कारण एरर लॉगमध्ये शोधा. ५०४ म्हणजे मागचं यंत्र वेळेत बोललंच नाही. एनजिनएक्सच्या लॉगमध्ये ४९९ दिसला, तर समोरचा वाट बघून निघून गेला. आमच्या त्या बाई म्हणजे ४९९! (वेळ जुळवताना जपा, पुष्कळ सर्व्हरचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असतं.)

१६ जुलै २०२१ ला दहावीचा निकाल लागला आणि संकेतस्थळं तासन्‌तास कोलमडली. लाखो मुलं एकदम येणार, हे सांगायला लॉग कशाला हवा? लॉगमधून लोकांना सांगायचं होतं ते हे, की आधी काय तुटलं.

जुने लॉग बहुतेक ठिकाणी ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जातात. ‘चौकशी करू’ म्हणत महिना काढणं म्हणजे पंचनाम्याआधी जागा धुऊन काढणं. खिडकीवर पाटी लावा: कोणता कोड, किती वाजल्यापासून, दुरुस्तीला कोण बसलंय.