‘बांधा’ नावाचा रकाना

आन्येस जाउई यांच्या ‘कॉम युन इमाज’ या 2004 सालच्या फ्रेंच विनोदी चित्रपटात एका ख्यातनाम लेखकाची स्थूल कन्या आपल्या गायनाची ध्वनिफीत मोठ्या आशेने पित्याच्या हाती देते, आणि स्वतःच्या कीर्तीत निमग्न असलेला तो पिता ती ऐकण्याची तसदीही घेत नाही. कान महोत्सवात पटकथेचे पारितोषिक मिळविणाऱ्या या कृतीतील हा प्रसंग मला सर्वाधिक जिव्हारी लागला. आपल्याकडे सचिन कुंडलकर यांनी 2016 साली ‘वजनदार’मध्ये दोन मैत्रिणींची वजन घटविण्याची धडपड मांडली, आणि त्यासाठी सई ताम्हणकर व प्रिया बापट यांनी स्वतःचे वजन खरोखरच वाढविले, हे धाडस निःसंशय अभिनंदनीय होय.

पडद्यावरील त्या बेफिकीर पित्याच्या उलट, लोटे औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांत रात्रपाळ्या करून मुलींना पदवीपर्यंत पोचविणाऱ्या बापांविषयी मला नितांत आदर आहे. परंतु सोयरिकीची गोष्ट निघताच त्याच मुलीच्या माहितीपत्रकात उंची, वर्ण, बांधा हे रकाने आधी भरले जातात, आणि तिची पदवी व महत्त्वाकांक्षा तळाशी दाखल होतात. पालकांस माझी कळकळीची विनंती आहे की, हे रकाने त्यांनी आजच रद्द करावेत.