बुद्धिमान यंत्र आणि कष्टकऱ्यांचा हक्क

कृत्रिम बुद्धिमत्ता कोट्यवधी लोकांच्या पोटावर पाय देणार, अशी भीती हल्ली रोज व्यक्त केली जाते. हेच यंत्र मानवजातीचे दारिद्र्य नष्ट करील, असे सांगणारेही कमी नाहीत. माझ्या मते दोन्ही पक्ष एकच चूक करीत आहेत. यंत्राला जणू स्वतःची इच्छा आहे, असे ते गृहीत धरतात. इच्छा असते ती मालकाला. आणि त्या इच्छेस मर्यादा घालण्याचे सामर्थ्य असते ते कायद्यास व संघटनेस.

२०२४ च्या पावसाळ्यात एक तरुण माझ्या कचेरीत आला. घरोघर जेवण पोहोचविण्याचे काम तो एका कंपनीसाठी करीत असे. तापामुळे तो चार दिवस कामावर गेला नव्हता. पाचव्या दिवशी मोबाइल उघडून पाहतो, तो त्याचे खाते बंद! कोणी बंद केले, कोणत्या कारणास्तव केले, दाद कोठे मागावयाची, यांपैकी एकाही प्रश्नास उत्तर नव्हते. मोटारसायकलचे हप्ते मात्र चालू होते. "वकीलसाहेब, वर साहेबच कोणी नाही, तर अर्ज कोणाच्या नावाने लिहू?" असे त्याने विचारले. मी निरुत्तर झालो, हे प्रांजळपणे कबूल करतो.

हा अन्याय यंत्राने केला काय? आपला इतिहास याचे उत्तर देतो. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणाईखात्यात मजुरी अधिक मिळे. पण तेथे अस्पृश्य कामगारांस मज्जाव होता. धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या ओठांस लागलेला धोटा स्पृश्य कामगारांस चालत नसे. त्यामुळे आपल्या वाडवडिलांस कमी मजुरीच्या सूतकताईच्या खात्यात दिवस काढावे लागले. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगारपुढाऱ्यांपुढे रोखठोकपणे मांडला. धोटा लाकडाचा होता. त्यास जात ठाऊक नव्हती. जात होती ती धोटा चालविणाऱ्या व्यवस्थेत.

म्हणूनच बाबासाहेबांनी यंत्राला कधी शत्रू मानले नाही. काँग्रेस व गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा हिशेब मांडणाऱ्या आपल्या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी यंत्रयुगाच्या दोषांचे खापर सदोष समाजरचनेवर व खाजगी नफ्याच्या पूजेवर फोडले. मात्र यंत्र स्वीकारताना त्यांनी कामगाराचा हक्क सोडला नाही. संपावर बंधने घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत झालेल्या एक दिवसाच्या संपात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आघाडीवर होता.

तोच संपाचा हक्क आज यंत्राच्या आडून कसा हिरावला जातो, याचे उदाहरण इटलीत सापडते. तेथे डिलिव्हरू या कंपनीचे यंत्र जेवण पोहोचविणाऱ्यांची गुणवारी ठरवीत असे. ठरलेल्या पाळीस गैरहजर राहणाऱ्याचे गुण घटत आणि चांगल्या पाळ्या त्याच्या हातून जात. मग तो आजारी असो वा संपावर असो. कामगार संघटना न्यायालयात गेल्या. ३१ डिसेंबर २०२० रोजी बोलोन्याच्या न्यायालयाने ही पद्धत भेदभावाची ठरवून कंपनीस ५०,००० युरो भरपाई देण्यास सांगितले. कारण विचारात न घेणे ही कंपनीने केलेली निवड होती, हे त्या निकालाचे मर्म आहे.

अमेरिकेतील चित्रपट-लेखकांनी २०२३ साली १४८ दिवस संप केला. यंत्रास लेखक म्हणून श्रेय मिळणार नाही आणि यंत्र वापरण्याची सक्ती लेखकावर होणार नाही, अशी कलमे त्यांनी करारात घालून घेतली. यंत्र तेच राहिले. संघटनेने त्याचा परिणाम बदलला.

आपल्या देशात २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिने या नव्या कामगारास नाव दिले आणि त्याच्या कल्याणासाठी कंपन्यांकडून वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के वर्गणी घेण्याची तरतूद केली. पण मालक-नोकर या नात्याबाहेरच त्यास ठेवले. कर्नाटकाने २०२५ च्या कायद्याने एक पाऊल पुढे टाकले: लेखी कारण व चौदा दिवसांची पूर्वसूचना दिल्यावाचून अशा कामगारास काढता येत नाही.

हा प्रश्न आपल्या समाजास अधिक जिव्हाळ्याचा आहे. राखीव जागा सरकारी नोकरीत आहेत. खाजगी कंपनीच्या यंत्रापुढे त्यांचा उपाय चालत नाही. शिवाय हे यंत्र जुन्या नोंदींवरून शिकते. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, ज्यांच्या वस्तीस कोणी कर्ज दिले नाही, त्यांच्याविषयीचा जुना दुजाभाव ते हिशेब म्हणून पुढे चालवील आणि त्यास निःपक्षपात हे नाव मिळेल.

यास्तव आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे. कामावरून दूर करताना लेखी कारण मिळावे. त्या निर्णयाची सुनावणी जबाबदार माणसापुढे व्हावी. गुण देण्याचे नियम कामगारांच्या संघटनेस पाहावयास मिळावेत. यंत्रामुळे वाढलेल्या उत्पन्नात कष्टकऱ्याचा वाटा कायद्याने ठरावा. आपण वकील असाल, कामगार असाल अथवा कामगाराचे आईबाप असाल, ही मागणी आपापल्या संघटनेत व आपल्या आमदारापुढे मांडा.

त्या तरुणाचे खाते पुन्हा उघडले नाही. अर्ज कोणाच्या नावाने लिहावा, हा त्याचा प्रश्न अद्याप माझ्या मेजावर पडून आहे. त्याचे उत्तर देणे कोणत्याही यंत्राचे काम नव्हे. ते कायद्याचे काम आहे, आणि कायद्याकडून ते करवून घेणे आपले.