दोष साधनाचा, शिक्षा विद्यार्थ्याला

हल्लीं कित्येक धडे संगणकाच्या पडद्यावर शिकविले जातात. चित्रें, ध्वनि व प्रश्नोत्तरें गुंफून असे धडे रचण्याचीं नानाविध साधनें शिक्षकांच्या हातीं आलीं आहेत. त्यांच्यायोगें शिक्षण सोपें झालें, हें आम्हांस मान्य आहे. परंतु तें कोणास सोपें झालें, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढें ठेवूं इच्छितों.

समजा, एखाद्या धड्यांत नद्यांचीं नांवें ओढून नकाशावर योग्य जागीं ठेवावयाचीं आहेत. डोळसास हा खेळच वाटेल. पण अंध विद्यार्थ्याचें सारें काम कळफलकावर आणि पडदा वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीवर चालतें. नकाशास शब्दांत वर्णन जोडलेलें नसेल, तर ती आज्ञावली केवळ 'चित्र' एवढेंच म्हणून पुढें जाते. आणि नांवें कळांनीं हलवितां येत नसतील, तर गोदावरी त्र्यंबकेश्वरीं उगम पावते हें पक्कें ठाऊक असूनहि त्या मुलास गुण मिळत नाहींत. बोलपटाखालीं अक्षरें नसलीं म्हणजे बहिऱ्या मुलाचीहि तीच गत! येथें परीक्षा कोणाची झाली? ज्ञानाची खास नव्हे.

मराठी मुलांपुढें आणखीहि एक अडचण आहे. मजकूर युनिकोडपूर्व टंकांत असला, तर वाचक-आज्ञावलीच्या मुखांतून निरर्थक अक्षरेंच कानीं पडतात.

याचा दोष शिक्षकांच्या माथीं मारणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. ज्या साधनांत चित्राचें वर्णन लिहिण्याची जागाच कोपऱ्यांत दडलेली असते, तेथें ती त्यांना आठवावी कशी? वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनें अशा रचनासाधनांसाठीं केलेल्या नियमांची दुसरी आवृत्ति २०१५ सालीं प्रसिद्ध झाली. तिचे मुख्य भाग दोन: साधन अपंग लेखकासहि वापरतां यावें, आणि त्यानें प्रत्येक लेखकास सर्वांना सुलभ असा मजकूर रचण्यास साहाय्य करावें. पहिला भाग विशेष मोलाचा आहे. कारण अंध मनुष्य केवळ विद्यार्थीच असतो असें नाहीं, तो शिक्षकहि असतो.

कोणी म्हणतील, आतां यंत्रेंच चित्रांचीं वर्णनें लिहितात, मग ही यातायात कशाला? यंत्र चित्रांत काय आहे तें सांगेल. परंतु तें चित्र धड्यांत कशासाठीं घातलें, हें शिक्षकच जाणतो. म्हणून साधनानें वर्णन मागावें, उणीव दिसल्यास धडा प्रसिद्ध होण्यापूर्वींच बजावावें, आणि ओढण्याच्या प्रश्नास निवडीचा पर्याय आपण होऊन द्यावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. घर बांधून झाल्यावर दार कोठें पाडावें याचा विचार करणाऱ्या गवंड्यास आपण शहाणा म्हणत नाहीं.

विद्यार्थीमित्रहो, एक प्रयोग करा. एन.व्ही.डी.ए. ही वाचक-आज्ञावली विनामूल्य मिळते. ती चालू करून, माउस बाजूस सारून, डोळे मिटून आपला एखादा धडा पुरा करून पाहा. आणि पालकांनींहि तो अनुभव घ्यावा. जेथें तुम्ही अडाल, तेथें तुमचा एखादा बंधु रोजच अडत असेल. ती जागा टिपून आपल्या शिक्षकांस कळवा. विद्येचें दार सर्वांसाठीं उघडें आहे असें आपण म्हणतों; तें खरें करून दाखविण्याचा आरंभ एवढ्यानेंहि होईल.