दात्याची फाइल

गेल्या दिवाळीत घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने चपला काढता काढताच विचारलं, ‘काय, चिरंजीवांचं क्रिएटिनिन किती?’ आमच्या घरी हा आकडा आता सोन्याच्या भावासारखा विचारला जातो. फराळाच्या बशा घेऊन आलेल्या हिचं क्रिएटिनिन मात्र कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही वर्षभर विचारलं नव्हतं. आणि चिरंजीवांच्या पोटात जी किडनी इमानेइतबारे काम करते आहे, ती हिची आहे!

त्या रात्री मी दोघांच्या फायली काढल्या. उभा जन्म बँकेत खाती तपासण्यात गेला, सवय जात नाही. मुलाची फाइल दोरीने बांधावी इतकी फुगलेली. हिच्या फायलीत डिस्चार्ज कार्ड आणि दोन रिपोर्ट. ऑपरेशनपूर्वी ०.७, सहा महिन्यांनी १.१. पुढे कोरं.

‘एका किडनीवर माणूस छान जगतो,’ हे वाक्य आम्ही शंभरदा ऐकलं असेल. ते खोटं नाही. १८६९ साली जर्मनीत हायडेलबर्गला गुस्टाव्ह सायमन या सर्जनने आधी कुत्र्यांवर प्रयोग करून मगच एका बाईची एक किडनी काढली, आणि ती जगली. १९५४ मध्ये बॉस्टनला जुळ्या भावाला किडनी देणारे रोनाल्ड हेरिक त्यानंतर ५६ वर्षं जगले.

पण जगते ती कशी? एका किडनीत सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दुसरी गेली म्हणून त्यांत एकाचीही भर पडत नाही. शाखेतल्या दोन कॅशियरांपैकी एकाची बदली व्हावी आणि हेड ऑफिसने बदली माणूस पाठवू नये, तसा प्रकार. उरलेल्याच्या खिडकीशी रांग वाढते, इथे रक्ताची. काही दिवसांतच जास्त रक्त येऊ लागतं, त्याच गाळण्या आकाराने मोठ्या होतात, नलिका लांबतात, किडनी वजनाने भरते. मूळच्या निम्म्यावर आलेलं काम साधारण दोन-तृतीयांशापर्यंत चढतं. तरुणात जास्त, साठीकडे झुकलेल्यात कमी. हिने दिली तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती.

हे वाढीव काम येतं राखीव गंगाजळीतून, आणि वापरात काढलेली गंगाजळी राखीव राहत नाही, हे बँकेतला शिपाईसुद्धा सांगेल. पुढे रक्तदाब वाढला, मधुमेह जडला, तर हाताशी शिल्लक कमी. म्हणून वर्षातून एकदा रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन पाहायचं. फार खर्चाचं काम नाही. आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त. दाता बाई असेल तर तिची संमती स्वतंत्रपणे पडताळावी, असं २०१४ चे नियम सांगतात. हिलाही बाजूला बसवून विचारलं होतं. मग ज्या इस्पितळाने इतक्या काळजीने विचारलं, त्यानेच दरवर्षी मुलाबरोबर हिलाही तपासणीला बोलवायला काय हरकत होती? माझं म्हणणं एवढंच की किडनी काढून घेणाऱ्या प्रत्येक इस्पितळावर हे बंधन असावं. घरच्यांवर सोडलं तर काय होतं, ते आमच्या घरी दिसलंच.

दुसऱ्या दिवशी चौकशी केली तर कळलं, बाईसाहेब गुडघ्यासाठी रोज रात्री कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी घेत होत्या. तीन महिने! एका किडनीच्या माणसाने ज्या गोळ्यांपासून लांब राहायचं, नेमकी त्यांतलीच.

‘अहो, मला काय धाड भरली आहे? त्याच्या गोळ्यांची वेळ झाली, ते बघा,’ ही म्हणाली.

तरी नेलं. १.३ आलं. डॉक्टरांनी गोळी बंद केली, शेकायला सांगितलं, महिन्याने पुन्हा बोलावलं. तेव्हा १.१ वर उतरलं. मी हिच्या नावाची नवी, निळी फाइल आणली. परवा उघडली तर रिपोर्टांच्या वर मिक्सरचं गॅरंटी कार्ड लावलेलं होतं.