मतपेटी बेटाची, तिजोरी परक्याची

२०१६ सालच्या जून महिन्यात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी पोर्तो रिको या कॅरिबियन बेटाला त्याची जागा तीन वेळा दाखवून दिली. ९ जून रोजी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, फौजदारी खटला भरण्याचा या बेटाचा अधिकार स्वयंभू नाही. त्याचे मूळ अमेरिकी काँग्रेसच्या सत्तेत आहे. चारच दिवसांनी त्याच न्यायालयाने बेटाच्या विधिमंडळाने केलेला एक कायदा निष्प्रभ ठरवला. सार्वजनिक कंपन्यांच्या थकलेल्या कर्जाची फेररचना करता यावी, एवढाच त्या कायद्याचा हेतू होता. ३० जून रोजी अध्यक्ष ओबामा यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याने बेटाच्या अर्थसंकल्पावर सात जणांचे वित्तीय मंडळ बसवले. या सातांपैकी एकालाही बेटावरील मतदार निवडून देत नाहीत. निर्वाचित गव्हर्नरला किंवा त्याच्या प्रतिनिधीला मंडळात बसता येते, पण मत देता येत नाही. मंडळाचा खर्च मात्र बेटानेच सोसायचा.

ज्या समाजाला दर चार वर्षांनी सरकार निवडता येते, पण त्या सरकारच्या हाती तिजोरीची किल्ली नसते, त्या समाजाला स्वशासित म्हणावयाचे काय? हा प्रश्न केवळ घटनापंडितांचा नाही. परकीय भांडवलाला करसवलती देऊन विकास विकत घेता येतो, असे मानणाऱ्या प्रत्येक देशाने पोर्तो रिकोची कहाणी लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे.

भूमी आणि माणसे

क्यूबा, हिस्पानिओला, जमैका आणि पोर्तो रिको या चार मोठ्या बेटांत पोर्तो रिको सर्वांत लहान आणि सर्वांत पूर्वेकडचे. लांबी सुमारे १६० किलोमीटर, रुंदी ५५ ते ६० किलोमीटर. उत्तरेस अटलांटिक महासागर, दक्षिणेस कॅरिबियन समुद्र. मधोमध पूर्व-पश्चिम पसरलेली डोंगररांग; तिचे सर्वोच्च शिखर १,३३८ मीटर उंच. ईशान्येकडील वारे आपला पाऊस उत्तर उतारावर रिता करतात आणि दक्षिण किनारा कोरडा राहतो. किनाऱ्याच्या सपाट जमिनीवर ऊस, डोंगरात कॉफी आणि आतल्या खोऱ्यांत तंबाखू, अशी इथल्या शेतीची जुनी वाटणी होती. व्हिएकेस आणि कुलेब्रा ही दोन लहान बेटे याच प्रदेशात मोडतात.

मूळचे ताइनो लोक या भूमीला बोरिकेन म्हणत. १४९३ मध्ये कोलंबस येथे उतरला आणि १५०८ पासून स्पॅनिश वसाहत सुरू झाली. ताइनो, स्पॅनिश आणि आफ्रिकेतून आणलेले गुलाम यांच्या मिश्रणातून आजचा समाज घडला. १८७३ मध्ये गुलामगिरी संपली. परंतु १८४९ पासून भूमिहीन मजुरालाही कामाची नोंदवही जवळ बाळगण्याची सक्ती होती, हे विसरता कामा नये. भाषा स्पॅनिश. अमेरिकी अंमल आल्यावर शाळांतून इंग्रजी माध्यम लादण्याचा उद्योग जवळजवळ अर्धशतक चालला. १९४९ मध्ये तो सोडून द्यावा लागला. लोकांनी आपली भाषा सोडली नाही.

१८९७ मध्ये स्पेनने बेटाला स्वायत्ततेची सनद दिली होती. ती नीट अंमलात येण्याआधीच, २५ जुलै १८९८ रोजी, अमेरिकी सैन्य ग्वानिका बंदरात उतरले. त्याच वर्षीच्या पॅरिस तहाने बेट एका साम्राज्याच्या मालमत्तेतून दुसऱ्याच्या मालमत्तेत गेले. बेटवासीयांना कोणी विचारले नाही. १९०१ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने असा सिद्धांत मांडला की, हे बेट संयुक्त संस्थानांच्या मालकीचे आहे, पण त्यांचा घटक नाही. पुढच्या सगळ्या अन्यायाचे बीज या एका वाक्यात आहे. १९१७ मध्ये रहिवाशांना अमेरिकी नागरिकत्व मिळाले. ते नको, असा ठराव बेटाच्या निर्वाचित सभागृहाने १९१४ मध्येच केला होता. हे नागरिकत्व विलक्षण आहे. न्यूयॉर्कला राहायला गेलेला पोर्तो रिकन अध्यक्षपदासाठी मत देऊ शकतो. बेटावर राहणाऱ्यास तो हक्क नाही. काँग्रेसमध्ये बेटाचा एक प्रतिनिधी बसतो, पण विधेयकाच्या अंतिम मतदानात त्याला मत नसते. सैन्यात भरती होण्यास मात्र अशी कोणतीही आडकाठी आली नाही.

सवलतीवर उभे राहिलेले कारखाने

१८९९ च्या चक्रीवादळात तीन हजारांहून अधिक माणसे गेली आणि कॉफीचे मळे झोपले. त्यानंतर अमेरिकी जकातीच्या संरक्षणाखाली उसाचे राज्य आले. कोणत्याही कंपनीने ५०० एकरांपेक्षा अधिक जमीन धारण करू नये, असा निर्बंध १९०० मध्येच घातला गेला होता. साखर कंपन्यांनी हजारो एकर गिळंकृत केले आणि कायदा चाळीस वर्षे कागदावर राहिला. या काळात उसाच्या मजुरांनी संप केले. राष्ट्रवादी नेते पेद्रो अल्बिसू काम्पोस यांनी १९३४ च्या संपात मजुरांची बाजू घेतली. २१ मार्च १९३७ रोजी पॉन्से शहरात राष्ट्रवाद्यांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. त्या दिवशी १९ जण मरण पावले.

‘भाकरी, जमीन, स्वातंत्र्य’ ही घोषणा देऊन पुढे आलेले लुईस मुन्योस मारिन यांनी १९४१ च्या जमीन कायद्याने ५०० एकरांची मर्यादा प्रत्यक्षात आणण्यास प्रारंभ केला. १९४८ मध्ये ते बेटाचे पहिले निर्वाचित गव्हर्नर झाले. परंतु घोषणेतील तिसरा शब्द हळूहळू मागे पडला. त्याच १९४८ मध्ये स्वातंत्र्यवाद्यांची मुस्कटदाबी करणारा कायदा आला आणि १९५७ पर्यंत टिकला. १९५२ मध्ये बेटाला स्वतःची राज्यघटना मिळाली आणि ‘मुक्त सहयोगी राज्य’ हे भारदस्त नाव मिळाले. दुसऱ्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाने या बेटाला परतंत्र प्रदेशांच्या यादीतून वगळले. नाव बदलले, काँग्रेसची अंतिम सत्ता होती तेथेच राहिली.

१९४७ नंतरच्या औद्योगिकीकरणाचे सूत्र साधे होते : अमेरिकी कारखानदारांनी यावे, कर भरू नये, स्वस्त मजूर घ्यावेत आणि शुल्काशिवाय आपल्याच बाजारात माल विकावा. कारखाने आले, रस्ते झाले, शाळा-रुग्णालये झाली, आयुर्मान वाढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण शेतीतून सुटलेले सगळे हात त्या कारखान्यांत मावले नाहीत. १९५० ते १९६० या दशकात चार लाखांहून अधिक लोकांनी बेट सोडले. ज्या विकासाला आपल्या यशासाठी स्वतःचीच माणसे निर्यात करावी लागतात, त्याच्या हिशेबात काहीतरी चुकलेले असते.

१९७६ मध्ये अमेरिकी करसंहितेतील कलम ९३६ ने ही सवलत अधिक उदार केली आणि औषध कंपन्यांनी बेटावर मोठे कारखाने उभारले. १९९६ मध्ये काँग्रेसने ती दहा वर्षांत संपवण्याचे ठरवले. बेटाच्या मतदारांच्या संमतीचा येथेही प्रश्न नव्हता. २००६ मध्ये सवलत संपली आणि त्याच वर्षी दीर्घ मंदी सुरू झाली. दोन दशकांत कारखान्यांतील रोजगार जवळजवळ निम्म्यावर आला. सवलतीसाठी आलेले भांडवल सवलत संपताच जाते. त्याला कृतघ्न म्हणणे व्यर्थ आहे, कारण ते कृतज्ञतेपोटी आलेलेच नव्हते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने एक आकडा ध्यानात ठेवावा. सामान्यतः स्थूल देशांतर्गत उत्पादन आणि स्थूल राष्ट्रीय उत्पादन यांत फारसे अंतर नसते. पोर्तो रिकोत राष्ट्रीय उत्पादन देशांतर्गत उत्पादनापेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी भरते. बेटावर निर्माण झालेल्या मूल्याचा एवढा भाग परक्या मालकांच्या नफ्याच्या रूपाने बाहेर जातो. ज्या १९०१ साली अमेरिकी न्यायालयाने बेटाला मालमत्ता ठरवले, त्याच साली दादाभाई नौरोजींचा भारताच्या दारिद्र्यावरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. संपत्तीच्या निःसारणाचा त्यांचा सिद्धांत पडताळून पाहण्यास पोर्तो रिकोएवढे स्वच्छ उदाहरण आज क्वचित सापडेल.

कर्ज आणि मंडळ

उत्पन्न आटल्यावर बेटाच्या सरकारने कर्ज काढले. सरकारे उधळी होती, दोन्ही प्रमुख पक्षांनी आजचे देणे उद्यावर ढकलले, हे खरे. पण कर्ज देणारे इतक्या उत्साहाने का आले? १९१७ च्या कायद्यानुसार बेटाच्या रोख्यांवरील व्याजाला केंद्र, राज्य आणि स्थानिक असे तिन्ही कर माफ होते. शिवाय बेटाच्या १९५२ च्या घटनेनेच सार्वजनिक कर्जाच्या फेडीला इतर खर्चांपेक्षा अग्रक्रम दिला होता. सावकाराला यापेक्षा अधिक काय हवे? १९८४ मध्ये काँग्रेसने दिवाळखोरी कायद्यात बदल केला आणि राज्यांतील नगरपालिकांना उपलब्ध असलेला मार्ग पोर्तो रिकोला बंद झाला. २०१५ मध्ये गव्हर्नर गार्सिया पादिया यांनी कर्ज फेडणे अशक्य असल्याचे जाहीर केले, तेव्हा रोख्यांचे देणे ७० अब्ज डॉलरांवर गेले होते आणि निवृत्तिवेतनाचे सुमारे ५० अब्जांचे दायित्व वेगळेच होते. काही गुंतवणूक कंपन्यांनी हे रोखे पडत्या भावात उचलले आणि पूर्ण वसुलीसाठी त्या न्यायालयात उभ्या राहिल्या.

या परिस्थितीत आलेल्या मंडळाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२२ च्या योजनेने मध्यवर्ती सरकारचे सुमारे ३३ अब्ज डॉलरांचे देणे ७.४ अब्जांच्या आसपास आणले. तथापि त्याची किंमत कोणी मोजली? सार्वजनिक विद्यापीठाचे अनुदान जवळजवळ निम्म्यावर आले, शेकडो शाळांना कुलपे लागली आणि शिक्षकांच्या भावी निवृत्तिवेतनावर गदा आली. कर्ज नेमके कसे आणि कोणाच्या हितासाठी काढले गेले, हे तपासण्यासाठी २०१५ मध्ये नेमलेला लेखापरीक्षण आयोग २०१७ मध्ये बेटाच्याच सरकारने गुंडाळला. म्हणजे हिशेब तपासण्याआधी वसुली ठरली.

२० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया चक्रीवादळ आले. जीर्ण झालेली वीजयंत्रणा कोसळली आणि शेवटच्या घरापर्यंत वीज पोहोचण्यास जवळजवळ अकरा महिने लागले. सरकारी मृत्युसंख्या कित्येक महिने ६४ होती. ऑगस्ट २०१८ मध्ये ती २,९७५ असल्याचे मान्य झाले. यातले बहुसंख्य वाऱ्याने मेले नाहीत. वीज, औषधे आणि उपचार यांच्या अभावी मेले. आपल्या अन्नापैकी सुमारे ८५ टक्के बाहेरून आणणाऱ्या या बेटाला, १९२० च्या नौवहन कायद्यामुळे, अमेरिकी बंदरांतून येणारा माल अमेरिकेतच बांधलेल्या महागड्या जहाजांतून आणावा लागतो. वादळानंतर हा कायदा दहा दिवस स्थगित झाला, अकराव्या दिवशी पुन्हा लागू झाला.

एकीकडे माणसे जात आहेत. २०१० मध्ये ३७ लाख २५ हजार असलेली लोकसंख्या २०२० मध्ये ३२ लाख ८५ हजारांवर आली. दुसरीकडे २०१२ च्या एका कायद्याने बाहेरून येऊन राहणाऱ्या धनिकांना भांडवली नफ्यावरील करातून सूट दिली आहे. जन्माने बेटाचा असलेला कर भरतो; कर चुकवण्यासाठी आलेला भरत नाही, आणि किनाऱ्यावरील घरांच्या किमती त्याच्या ऐपतीने ठरतात.

आधी अधिकार, मग पर्याय

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. हे लोक स्वतःच राज्यत्व मागतात, मग त्यांना परतंत्र का म्हणावे? २०२० च्या कौलात ५२ टक्क्यांहून अधिक मते राज्यत्वाच्या बाजूने पडली, हे सत्य आहे. बेटावर मिळवलेल्या उत्पन्नावर बहुतेकांना केंद्रीय प्राप्तिकर नाही, अमेरिकेत मुक्त प्रवेश आहे आणि शेजारच्या स्वतंत्र हैतीचे हाल सर्वांना दिसतात. पण १९६७ पासून झालेल्या सात कौलांपैकी एकही काँग्रेसवर बंधनकारक नव्हता. २०१७ मध्ये विरोधकांनी बहिष्कार घातल्याने जेमतेम २३ टक्के मतदान झाले. सामाजिक सुरक्षेचे कर बेटवासी भरतातच. तरी वृद्ध व अपंग गरिबांसाठीच्या केंद्रीय साहाय्यातून त्यांना वगळणे घटनाबाह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ठरवले. राज्यत्व हवे की स्वातंत्र्य, हे बेटाने ठरवावे. परंतु उत्तर पाळण्याचे बंधन नसलेल्याने विचारलेला प्रश्न हा लोकशाहीचा देखावा ठरतो. म्हणून वित्तीय मंडळ जावे, कर्जाचा हिशेब खुला व्हावा आणि बंधनकारक सार्वमत घेतले जावे, ही मागणी राज्यत्ववादी व स्वातंत्र्यवादी दोघांनाही एकत्र आणू शकते.

अशी एकजूट हे दिवास्वप्न नाही. व्हिएकेसचा बराच मोठा भाग १९४० च्या दशकापासून अमेरिकी आरमाराच्या बाँबफेकीच्या सरावासाठी गेला होता. एप्रिल १९९९ मध्ये नेम चुकलेल्या बाँबने एका स्थानिक पहारेकऱ्याचा बळी घेतला. त्यानंतर कोळी, शिक्षक, धर्मगुरू आणि सर्व पक्षांचे कार्यकर्ते निषिद्ध क्षेत्रात जाऊन बसले. हजारावर लोकांनी निःशस्त्र राहून अटक करवून घेतली. १ मे २००३ रोजी, कामगार दिनी, आरमाराने तो सराव कायमचा थांबवला. २०१९ च्या उन्हाळ्यात रस्त्यावर उतरलेल्या लाखो लोकांनी गव्हर्नर रोसेयो यांना राजीनामा द्यायला लावला.

आणि विरोधाबरोबर रचनाही आहे. डोंगरातल्या अदहुन्तास गावी १९८० मध्ये उघड्या खाणींना विरोध करण्यासाठी ‘कासा प्वेब्लो’, म्हणजे लोकांचे घर, ही संस्था निघाली. खाण थांबली, संस्था थांबली नाही. तिने आपल्या वास्तूवर सौर ऊर्जा आणली. मारिया वादळात बेट काळोखात बुडाले असता त्या घरात दिवे होते. गावकरी तेथे श्वसनाची यंत्रे चालवण्यास आणि निरोप पाठवण्यास येत. २०२३ मध्ये गावच्या चौकातील दुकानांना वीज पुरवणारे सौरजाळे सुरू झाले. त्याची मालकी गावाकडे आहे.

एका गावच्या दिव्यांनी बेट स्वतंत्र होत नाही, हे उघड आहे. तथापि मंडळाच्या अर्थसंकल्पात जे कोठेच आढळत नाही, ते त्या चौकात आढळते : वीज कोणासाठी, किती आणि कोणत्या दराने, हे वापरणारेच ठरवतात. पोर्तो रिकोची मागणी याहून वेगळी नाही; ती फक्त एका गावाऐवजी साऱ्या बेटासाठी आहे.