विषाला वास नसतो, मग ते पकडायचं कसं?

दोस्तांनो, पिंपरीहून समुद्र गाठायचा तर घाट उतरून शंभरेक किलोमीटर जावं लागतं. तरी पिंपरीच्या बाजारात तिसऱ्या मिळतात. परदेशातून गोठवून आलेले शिनाणेही आता मोठ्या शहरांतल्या दुकानांत दिसतात.

तिसऱ्या घरी आल्या की आजी काय करते? वास घेते. उकळल्यावर जी तिसरी उघडत नाही ती फेकून देते. अगदी बरोबर! पण ही परीक्षा ताजेपणाची झाली. एक विष मात्र या परीक्षेत हमखास पास होतं. त्याला वास नाही, चव नाही आणि शिजवूनही ते जात नाही.

हे विष शिंपला बनवत नाही बरं का. समुद्रात डोळ्यांना न दिसणारी एकपेशीय शेवाळं असतात. त्यांतल्या काही जाती सॅक्सिटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. शिंपले पाणी गाळून पोट भरतात. एक मोठं कालव दिवसात शंभर लिटरहून जास्त पाणी गाळू शकतं! शेवाळं माजली की विष त्याच्या अंगात साठत जातं. ते खाणाऱ्याच्या ओठांना मुंग्या येतात, हातपाय लुळे पडतात आणि श्वासही थांबू शकतो. यावर उतारा नाही. वेळेत दवाखाना गाठून कृत्रिम श्वास दिला, तर जीव वाचतो. सप्टेंबर 1997 मध्ये केरळात विळिंजम इथे शिनाणे खाऊन सात जण दगावले, शेकडो आजारी पडले.

मग तपासणी कशी होते? पूर्वी शिंपल्याच्या मांसाचा अर्क उंदराला टोचायचे आणि तो किती मिनिटांत मरतो ते घड्याळात बघायचे. बिचारा उंदीर! आता अर्कातली रसायनं वेगळी करून मोजणारी यंत्रं आहेत. जागतिक निकष सांगतो, की एक किलो मांसात 0.8 मिलिग्रॅमपेक्षा जास्त सॅक्सिटॉक्सिन नको.

पण कंटेनरमधला प्रत्येक शिंपला तपासला, तर खायला उरेल काय? म्हणून थोडे नमुने घेतात. नेमका विषारी शिंपला नमुन्यात आलाच नाही तर? म्हणूनच खरी राखण सुरू होते ती शिंपले वाढतात तिथे. चांगली व्यवस्था असलेल्या देशांत खाडीतलं पाणी आणि शिंपले वरचेवर तपासतात. विष वाढलं, की काढणी बंद! आपल्याकडे आयात अन्नाचे नमुने तपासण्याचं काम 2006 च्या कायद्यानुसार अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे आहे.

आता वही-पेन्सिल घ्या. पाव किलो मांसात जास्तीत जास्त किती सॅक्सिटॉक्सिन चालेल? उत्तर 0.2 मिलिग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचे जेमतेम तीन-चार कण! एवढंसं काही नाकाला कळेल का? तेव्हा आजीचं नाक हवंच, पण सोबत प्रयोगशाळाही हवी.